डंपिंगवरचं जंगल

माझं ऑफिस बीकेसीत. कॅंटीनच्या काचेतून मिठी नदीपलीकडे एक हिरवा पट्टा दिसतो. तीन वर्षं तो बघत चहा ढोसला, पण तिथे काय आहे हे कधी विचारलं नाही. परवा सहज मॅप उघडला, तर महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर! तेही धारावी डेपोजवळ.

घरी बाबांना सांगितलं तर ते हसले. "वेडा आहेस का? ते डंपिंग. लहानपणी मामाकडे धारावीला जाताना आम्ही नाक दाबून जायचो."

बाबांचंही बरोबरच होतं म्हणा. सत्तरच्या दशकात तिथे मुंबईचा कचरा पडायचा. नंतर त्यावर माती टाकून झाडं लावली, पहिलं रोप सलीम अलींच्या हातचं. १९९४ साली उद्यान सगळ्यांसाठी खुलं झालं.

खरं सांगायचं तर मला जंगलापेक्षा बाबांची काळजी होती. आई गेल्यापासून ते लालबागच्या खोलीतून खाली उतरतच नव्हते. खुर्ची, टीव्ही, परत खुर्ची. म्हटलं, "चला, मला खोटं पाडून दाखवा." ही मात्रा मात्र लागू पडली!

शनिवारी सकाळी करी रोडहून स्लो लोकल पकडली आणि सायनहून बाबांच्या चालीने चालत गेलो. आत ना झोपाळे, ना भेळवाला. मातीची पायवाट, पाचोळा आणि डास (भरपूर!). पाच मिनिटांत रस्त्याचे हॉर्न मागे पडले. वारा फिरला की मिठीचा वास मात्र येतो, खोटं कशाला बोला.

बाबा गप्प होते. मग एका झाडापाशी थांबले. "हा करंज. गावी याच्या तेलाचा दिवा लावायचे." माझं मोबाइलवरचं ॲप अजून शोधतच होतं, तोवर बाबांची पुढची तीन झाडं सांगून झाली होती. बहाव्याखाली पिवळा सडा पडला होता. तिथे ते हळूच म्हणाले, "तुझ्या आईला फार आवडायचा."

कित्येक महिन्यांत आईचं नाव पहिल्यांदाच निघालं. मला काही बोलायला सुचलं नाही. तसेच चालत राहिलो.

खाडीच्या बाजूला झाडांच्या फटीतून पलीकडच्या काचेच्या इमारती दिसल्या. बाबांनी विचारलं, "तुझं हापिस ते? आणि तिथून तू हे बघतोस?"

गेटपाशी येईपर्यंत त्यांनी हार मानली नाही. "डंपिंग होतंच हां इथे." मग जरा थांबून, "पाऊस पडला की परत येऊ."

असो. पावसाळ्यात एखाद्या शनिवारी पोस्ट आली नाही, तर समजून घ्या.