शिंपल्याकाठची मुळाक्षरे

गेल्या उन्हाळ्यात लेकीच्या आग्रहावरून उत्तर स्पेनमधील सान सेबास्तियान या नगरीत तीन आठवडे राहण्याचा योग आला. आम्हां ग्वाल्हेरकरांना समुद्राचे अप्रूप असायचेच; त्यातून हा उपसागर म्हणजे 'ला कोंचा', अर्थात शिंपला! नाव सार्थ आहे. एका अंगाला उर्गुल, दुसऱ्या अंगाला इगेल्दो हे डोंगर आणि मध्ये सांता क्लारा हे चिमुकले बेट. त्यांच्या आडोशाने बाहेरचा खवळलेला समुद्र आत येतो तो अगदी शहाण्या मुलासारखा.

जुन्या पेठेतील एका रस्त्याचे नाव '३१ ऑगस्ट' असे आहे. १८१३ साली त्या दिवशी फ्रेंचांच्या ताब्यातून गाव सोडविणाऱ्या इंग्रज-पोर्तुगीज फौजेनेच ते लुटले व जाळले. त्या आगीतून वाचलेली घरे या रस्त्यावर आहेत. त्या फौजांचा सरसेनापती वेलिंग्टन, म्हणजे १८०३ साली असईला आमच्या शिंद्यांशी लढलेला तोच वेलस्ली. इतक्या दूर येऊन ओळखीचा माणूस भेटावा, तोही हा!

परंतु मनाला चटका लावला तो सहा वर्षांच्या नातवाने. तो तेथे बास्क भाषेतून शिकतो. कोणत्याही ज्ञात भाषेशी नाते सिद्ध न झालेली ही भाषा फ्रँकोच्या राजवटीत दडपली गेली होती; १९७९ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने तिला स्पॅनिशच्या जोडीने राजभाषेचे स्थान मिळाले. आता पाट्यांवर नगरीचे 'दोनोस्तिया' हे बास्क नावही झळकते.

पहिल्याच आठवड्यात एका सायंकाळी आम्ही इगेल्दोच्या पायथ्याशी गेलो. तेथे एदुआर्दो चिलिदा यांची 'वाऱ्याची फणी' ही तीन पोलादी शिल्पे १९७६ पासून खडकांत रोवलेली आहेत. फरसबंदीच्या छिद्रांतून लाटांनी रेटलेली हवा फूत्कारत होती.

"आजोबा, इत्सासोआ!" नातू ओरडला.

"समुद्र म्हण, बाळा."

त्याने म्हटले, पण परक्याचे नाव घ्यावे तसे. लेक खाली पाहू लागली. तिला तरी काय बोलणार? तिलाच मराठी वाचता येते, लिहिताना ती अडखळते. जन्मभर इतरांच्या मुलांना हिंदीतून शिकविताना घरच्या मुलीला घेऊन बसण्यास या मराठीच्या एम. ए. ला सवड झाली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ओहोटीची वेळ साधून आम्ही दोघे ओल्या वाळूवर 'ग म भ न' गिरवू लागलो. निघेपर्यंत बारा अक्षरे झाली. 'भ' मात्र तो अजून उलटा काढतो.