वाट कोणी कोणास द्यावी?

गेल्या वर्षी चिरंजीवाच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेस गेलो व तेथे पाच महिने राहून परत आलो. परदेशाहून आलेल्या मनुष्याने काही तरी लिहावे असा परिपाठच आहे. परंतु नायगाऱ्याचा धबधबा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा इत्यादिकांची वर्णने वाचकांनी इतक्या वेळा वाचली असतील की, त्यांत आम्ही नवीन भर ती काय घालणार? म्हणून ज्याचे चित्र टपालकार्डावर कोणी छापीत नाही अशा एका स्थळाचे वर्णन करण्याचे आम्ही योजिले आहे. ते स्थळ म्हणजे एक रस्ता होय.

चिरंजीवाचे बिऱ्हाड व्हर्जिनिया संस्थानात सेंटरव्हिल ह्या गावी आहे. वॉशिंग्टन राजधानीच्या पश्चिमेस पसरलेल्या उपनगरांपैकी हे एक. घरे टुमदार, झाडी दाट, हवा उत्तम. पण वाहनावाचून पाऊल टाकण्याची सोय नाही. राजधानीभोवती १९६४ साली पूर्ण झालेला चौसष्ट मैलांचा वर्तुळाकार महामार्ग आहे, त्यास ‘बेल्टवे’ म्हणजे कमरपट्टा म्हणतात. त्या कमरपट्ट्यास छेदून ६६ क्रमांकाचा महामार्ग पश्चिमेस डोंगरांकडे जातो. सेंटरव्हिलच्या लोकांचे सारे आयुष्य ह्या रस्त्याच्या लहरीवर चालते. आपल्याकडे सकाळी पंचांग पाहतात, तसा तेथे रस्ता पाहतात.

ह्या रस्त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. राजधानीला लागून असलेल्या आर्लिंग्टनच्या रहिवाशांनी त्याला कित्येक वर्षे नेटाने विरोध केला. अखेर १९७७ साली कोलमन नामक मंत्र्यांनी निकाल दिला, तो अटी घालून : रस्ता चारच मार्गिकांचा असावा, अवजड मालमोटारींस तेथे मज्जाव असावा, मध्यभागी आगगाडीस जागा ठेवावी आणि गर्दीच्या वेळी एकट्यादुकट्याची गाडी येऊ देऊ नये. त्याप्रमाणे १९८२ च्या डिसेंबरात तो भाग खुला झाला. प्रारंभी गर्दीच्या वेळी गाडीत चार माणसे असावी लागत. पुढे ही संख्या तीनवर व नंतर दोनवर आली. २०१७ च्या डिसेंबरापासून मात्र एकट्या मनुष्यासही पैसे भरून जाण्याची मुभा मिळाली. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या आखूड रस्त्याचा भाव चाळीस डॉलरांपर्यंत चढला!

कमरपट्ट्याच्या बाहेरचा भाग म्हणजे आमचा नित्याचा रस्ता. तेथे साडेबावीस मैल लांबीच्या नव्या द्रुतमार्गिका २०२२ साली पूर्ण झाल्या. प्रत्येक दिशेस तीन साध्या मार्गिका, आणि त्यांच्या शेजारी दोन द्रुतमार्गिका. हे काम एका खासगी मंडळीने पन्नास वर्षांच्या करारावर घेतले. सरकारला पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आधी मोजून दिली, आणि टोलाचे उत्पन्न आपल्याकडे घेतले. रस्त्यावर नाका नाही, शिपाई नाही, सुटे पैसे मागणारा कोणी नाही. वर कमानीवर यंत्रे बसविलेली. ती गाडीतील डबीशी बोलून पैसे वळते करून घेतात. भाव मात्र स्थिर नसतो. गर्दी वाढली की तो चढतो, ओसरली की उतरतो. मार्गिका तुंबू नये एवढीच माणसे आत यावीत, ही त्यातील मेख आहे.

रस्त्याइतकेच कौतुक तेथील मार्गसंगमांचे वाटले. आमच्या घराजवळ २८ क्रमांकाच्या रस्त्यावर पूर्वी दिव्यांचे चौक होते. ते काढून एकावर एक पूल रचले आणि वाहनांस न थांबता वळण्याची सोय केली. पश्चिमेस हेमार्केट येथे २०१७ साली खुला झालेला एक संगम आहे. त्यावर वाहने पुलापुरती आपली बाजूच बदलतात! अमेरिकेत उजवीकडून चालण्याची रीत; येथे तेवढ्या अंतरात ती डावीकडून चालतात. त्यामुळे डावीकडे वळून महामार्गावर उतरणाऱ्यास समोरच्या रांगा छेदाव्या लागत नाहीत. “चला, पुलापुरते तरी आपल्याकडच्यासारखे चालले,” असा आमच्या कुटुंबाने अभिप्राय दिला. दक्षिणेस स्प्रिंगफील्ड येथे तीन महामार्गांचा असाच मेळ घालण्यास १९९९ पासून २००७ पर्यंत आठ वर्षे लागली. पन्नासांहून अधिक पूल उभारावे लागले. लोक त्या जागेस ‘मिश्रणाचे पातेले’ म्हणत. आपण गोपाळकाला म्हटले असते.

रस्त्याचा भाव घटकेघटकेस बदलावा ही कल्पना आजची नाही. कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री ह्यांनी १९५९ साली ह्याच वॉशिंग्टन शहरासाठी ती मांडली होती. प्रत्येक गाडीस ओळखीचे विद्युत्साधन बसवावे व गर्दीच्या मानाने महिन्याचे बिल पाठवावे, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा ते कोणास रुचले नाही. १९९६ साली त्यांस नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते निवर्तले. रस्त्याची विक्री सुचविणाऱ्याचे आडनावच विक्री असावे, ह्या योगायोगाचे आम्हांस हसू आले.

परंतु हसण्याचा प्रसंग नव्हे, असे लवकरच कळून आले. एके दिवशी आम्ही राजधानीतील मोठे ग्रंथालय पाहून आगगाडीने टायसन्स येथे चिरंजीवाच्या कचेरीवर आलो. सूनबाई परगावी गेल्या होत्या. सहाच्या आत नातीला पाळणाघरातून आणावयाचे होते. वाटेत पुढे कोठे तरी अपघात झाल्याचे कळले. फलकावर द्रुतमार्गिकेचा भाव झळकत होता : एकोणीस डॉलर! गाडीत तीन माणसे असतील तर तेथे पैसे पडत नाहीत. पण आम्ही दोघेच होतो. आम्ही मनात हिशेब केला. दीड हजारांहून अधिक रुपये झाले. न राहवून म्हणालो, “अरे, एवढ्या अंतराला एवढे पैसे? कशाला ही उधळपट्टी? जाऊ सावकाश.”

“बरे, अण्णा,” एवढेच म्हणून त्याने गाडी साध्या मार्गिकेत ठेवली.

पुढची सव्वा तासाची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. शेजारून द्रुतमार्गिकेतील गाड्या वाऱ्यासारख्या जात होत्या आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी सरकत होतो. चिरंजीव एक शब्द बोलला नाही; वारंवार घड्याळ मात्र पाहत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा बाकीची मुले केव्हाच गेली होती. अंगात कोट, पाठीवर पिशवी अशी आमची नात दाराच्या काचेला नाक लावून उभी होती. उशिराचा आकार दर मिनिटाला होता. तो वाचविलेल्या टोलाहून अधिक भरला. त्याचे काही वाटले नाही. परंतु गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “आजोबा, तुम्ही मला विसरलात का?” त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘वेळेचे महत्त्व’ ह्या विषयावरील हजारो निबंध ज्याने तपासले, त्याच मास्तराने ही चूक करावी!

त्या रात्री झोप येईना. मनुस्मृतीत वाट कोणास द्यावी ह्याची एक यादी आहे. रथात बसलेला, नव्वदी उलटलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर, ह्यांस इतरांनी वाट द्यावी असा तो नियम. त्या यादीत धनिकाचे नाव नाही. येथे मात्र ज्याचा खिसा भरलेला त्यास वाट मोकळी. आमच्या चिरंजीवास एकोणीस डॉलर परवडले असते. पण त्याच कोंडीत आमच्या पुढे बागकामाची अवजारे लादलेली एक जुनी गाडी होती. तिच्या चालकाचेही मूल कोठे तरी काचेला नाक लावून उभे असेल. त्याने काय करावे? उलट पक्षी, भाव नसता तर ती मार्गिकाही आमच्यासारखीच तुंबली असती आणि निकड असलेल्यासही वाट मिळाली नसती, हेही नाकारता येत नाही.

मात्र ह्या व्यवस्थेतील एक कलम आम्हांस स्मृतिकारांच्याही पसंतीस उतरेल असे वाटते. ते म्हणजे तिघांस मिळणारी माफी. डबीवरील एक खटका सरकविला की काम झाले. आम्ही उभयता चिरंजीवाबरोबर निघालो की गाडी आपोआप पात्र ठरे. “तुम्ही दोघे म्हणजे आमचा पास!” असे तो म्हणे. दक्षिणेकडील रस्त्यावर तर ह्यासाठी अनोळखी माणसे एका गाडीत बसतात. वाहनतळावर रांग लागते, चालक ठिकाणाचे नाव पुकारतो, दोघे चढतात; पैसे कोणी देत नाही, घेत नाही. सन १९७० नंतरच्या दशकापासून ही रीत चालत आली आहे. सरकारी हुकमाने नव्हे, लोकांच्या आपसांतील विश्वासाने.

असो. आपल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर अद्याप घटकेघटकेस भाव बदलत नाही. पुढेमागे कोठे तरी ती कल्पना येईलच. ती येईल तेव्हा पैशांबरोबर गाडीतील माणसेही मोजण्याची बुद्धी आपणांस व्हावी, एवढीच इच्छा. पुढील वास्तव्यात मात्र आम्ही फलकावरील आकड्यास पुन्हा नाव ठेवले नाही.

परत आल्यावर चिरंजीवाचा फोन आला. प्रकृतीची विचारपूस झाल्यावर तो म्हणाला, “अण्णा, खटका पुन्हा एकट्याच्या बाजूला सरकविला.” आमचे कुटुंब शेजारीच उभे होते. त्याने विचारले, “काय म्हणाला?” आम्ही सांगितले, “रस्ता ठीक आहे म्हणाला.”