घर पाहावे मागून

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरात जन्मली असावी, अशी शंका मला हल्ली येते. वरवर ती घर बांधणाऱ्याच्या हालअपेष्टांची आहे. गवंडी बुडवतो, सुतार आज-उद्या करतो, अंदाजाच्या दुप्पट खर्च होतो. पण या कुरकुरीतही घरधन्याचा एक तोरा आहे. ‘पाहावे’ या शब्दात करून बघण्याची मोकळीक आहे. पायाखाली जागा आहे, गाठीला थोडेफार आहे, आणि फसलोच तर निदान शहाणपण पदरात पडेल ही खात्रीही आहे. ज्याला घर अर्ज करूनच मिळायचे, त्याची सोय या म्हणीत नाही. ‘घर पाहावे मागून’ असे कोणी म्हणत नाही. मागण्यात करून बघण्याजोगे काही नसते, एवढेच त्याचे कारण असेल का? की मागणाऱ्यांच्या म्हणी कोणी टिपूनच ठेवल्या नाहीत?

मुंबईत शासनाकडे घर मागायचे म्हणजे बहुतेकदा म्हाडाच्या, म्हणजे शासनाच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, सोडतीत नाव घालायचे. मागणारा दिव्यांग असेल तर त्याच्या बाजूने 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. त्याचे कलम 37 घरांच्या वाटपात किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के जागा राखते आणि त्यातही स्त्रियांना अग्रक्रम देते. आता दुसरे टोक पाहा. निराधारांना दरमहा पैसे देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. अनुदान महिना 600 रुपयांचे 1,000 झाले, मग 1,500 झाले, आणि 2025 च्या सप्टेंबरात दिव्यांगांसाठी ते महिना 2,500 करण्याचा निर्णय झाला. हे मिळायला तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दिव्यांगांच्या बाबतीत 50,000 च्या आत हवे. म्हाडाच्या अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला 6 लाख आहे. म्हणजे तहसील कार्यालयातला गरीब आणि म्हाडातला सर्वांत गरीब यांच्यात बारा पटींचे अंतर. 2023 च्या सोडतीत पहाडी गोरेगावातली या गटाची घरे साधारण तीस लाखांची होती. वर्षाचे अनुदान 30,000. भागाकार करायला पाटीची गरज नाही, उत्तर शंभर वर्षे येते. तेही शंभर वर्षे काही न खाता.

माझा मुद्दा एवढाच आहे की या दोन योजना एकाच माणसाकडून उलटसुलट पुरावे मागतात. तहसीलदारापुढे तो निराधार ठरला पाहिजे आणि घराच्या कर्जासाठी बँकेपुढे आधारवाला. एकीकडे दरवर्षी हयातीचा दाखला देऊन मी अजून जगतो आहे हे सिद्ध करायचे, आणि माझे उत्पन्न मर्यादेच्या आत आहे हेही. दुसरीकडे पुढची वीस वर्षे मी हप्ते भरीन हे पटवायचे. त्यात अधिवासाचा दाखला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा लागतो. घर मिळायला आधी कुठे तरी राहत असल्याचा कागद हवा. ‘निराधार’ हा शब्दही मोठा गमतीचा आहे. वर्तमानपत्रात आरोप निराधार असतात, म्हणजे खोटे. योजनेत माणसे निराधार असतात, म्हणजे खरी. पण अर्जदाराचा निराधारपणा सिद्ध करायचा तर त्याला कागदांचा आधार लागतो. त्यात एक कागद नावानेच ‘आधार’ आहे. पैसे जमा व्हायचे तर तो बँक खात्याला जोडलेला हवा. सोडत लागली की हाच माणूस एका रात्रीत ‘विजेता’ होतो. म्हाडाचा शब्द तोच आहे. तहसिलीत लाभार्थी, सोडतीत विजेता, बँकेत कर्जदार. आणि कर्ज नामंजूर झाले की पुन्हा निराधार.

म्हणीचे दुसरे अर्धे मी सोडून देणार होतो, पण ते सुटत नाही. लग्न आणि घर एका दमात उच्चारणाऱ्या पूर्वजांना शासकीय अर्जाचा नमुना कसा ठाऊक असेल? दोन्ही योजनांत नवराबायकोचे उत्पन्न एकत्र धरले जाते. दिव्यांग स्त्रीने महिना पंधरा हजार कमावणाऱ्या माणसाशी लग्न केले की अनुदानाची मर्यादा ओलांडली जाते. तिच्या नावावर येणारे पैसे थांबतात आणि ती नवऱ्याची आश्रित होते. पण बँकेच्या लेखी तिची पत तेव्हाच पहिल्यांदा निर्माण होते, कारण आता सहकर्जदार आहे. म्हणजे घर पाहायचे तर लग्न पाहावे करून, आणि लग्न केले तर स्वतःचे अडीच हजार पाहावे सोडून. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रत्येक वाराला वेगळे घर असे. इथे वार एकच आणि घरही एकच.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. दिव्यांगत्व म्हणजे दारिद्र्य नव्हे. पोलिओ झालेला बँक कर्मचारी किंवा अंध प्राध्यापक यांना शहरात घर मिळणे अवघडच असते, आणि कलम 37 त्यांचेही आहे. हे मी मान्य करतो, आणि मान्य केल्यावर माझ्या युक्तिवादाची धार बरीच जाते हेही. तरी एवढे उरते की राखीव जागा ज्याला परवडते त्याच्यापर्यंतच पोचते. मग घरे विकण्याऐवजी भाड्याने द्यावीत, असे मी म्हटले तर दुसरा आक्षेप असा, की शासनाने घरमालक होऊ नये. पण मुंबईला हे नवे नाही. बीडीडी चाळी 1920 च्या दशकात सरकारनेच बांधल्या आणि 160 चौरस फुटांची ती घरे भाड्याने दिली. त्या मोडकळीला आल्या हे खरे. पण गोठलेल्या भाड्यात डागडुजी होत नसते, तेव्हा दोष भाड्याने देण्याचा की भाडे गोठवण्याचा, हे वेगळे पाहावे लागेल. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने प्रकृतीच्या कारणाने घर बदलणे गरजेचे असलेल्यांना सार्वजनिक घरांच्या वाटपात रास्त प्राधान्य आहे, आणि ती घरे भाड्याची असतात. तिथली प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे हलत नाही अशी ओरड आहेच. पण यादीत गरज मोजली जाते आणि सोडतीत नशीब, हा फरक उरतो.

आणि तरीही सोडतीबद्दल माझे मन पूर्ण वळत नाही. गरज मोजायची म्हणजे कोणी तरी कोणाच्या तरी हालांना गुण देणार. तळमजला मिळावा म्हणून पाय किती निकामी आहेत हे टेबलापलीकडच्या माणसाला पटवावे लागणार. त्याला पटले नाही तर अर्जदार वशिला शोधणार. सोडतीत निदान कोणापुढे रडावे लागत नाही. आकडा आंधळा असतो हे अनेकांना त्याचे वैगुण्य वाटते. मला ते कधी कधी सौजन्य वाटते. मग मी नेमके काय मागतो आहे? भाड्याची घरे, एवढे नक्की. पण ती द्यायची कोणाला, हे ठरवायला पुन्हा एक दाखला लागणार आणि त्यावर पुन्हा तोच ‘निराधार’ शब्द असणार. शिवाय ज्याला असे पक्के घर मिळाले, तो पुढच्या वर्षी तहसिलीत दाखल्याला गेला, की निराधार कसा ठरणार? डोक्यावर छप्पर आहे, दारावर नाव आहे. कारकुनाने मान वर करून तसे विचारलेच, तर त्याला काय सांगायचे, हे मला अजून सुचलेले नाही.