देखरेख आणि पाठराखण

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची सेवा कशी करावी यावर आता पुष्कळ लिहिले जाते. ती सेवा प्रत्यक्ष करणाऱ्या मावशींविषयी फारसे कोणी लिहीत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत. बहुतेकांची शुश्रूषा घरीच होते, आणि ऐपत असेल तेथे बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या एखाद्या बाईच्या हातून.

मनमाडला रेल्वे वसाहतीलगत अशा एका घरी माझे जाणे-येणे आहे. आजोबा निवृत्त गार्ड. ‘पंजाब मेल गेली का?’ हा प्रश्न ते दिवसातून कितीदा विचारतात याची गणती नाही. मावशी दर वेळी सांगत, “अजून सिग्नल पडला नाही, बाबा.” मग परगावी असलेल्या मुलाने लक्ष ठेवण्यासाठी कॅमेरा बसवला आणि मावशी अबोल झाल्या. मला म्हणाल्या, “फादर, बाबा माझ्या अंगावर थुंकले ते पोराला दिसलं नाही. मी हात झटकला, तेवढं दिसलं.”

ब्रिटनमधील ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात रुग्णाचे माणूसपण हिरावून घेणाऱ्या सतरा वागणुकी नोंदवल्या आहेत: घाई करणे, बाळासारखे वागवणे, समोर असताना नसल्यासारखे धरणे. त्यांमागे बहुधा दुष्टावा नसतो, हेही त्यांनी बजावले. सेवकाचे स्वतःचे माणूसपण जपले गेले, तरच तो दुसऱ्याचे दीर्घकाळ जपू शकतो, हा त्यांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. भिंतीवर ‘आदर’ लिहून तो साधत नाही.

गुरुविद्यालयात आम्हांला एक गोष्ट लाभली होती. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ९८५ वे कलम सांगते, की विद्यार्थ्याने आपणहून विनंती केल्याखेरीज रेक्टरने त्याचा पापनिवेदन-संस्कार ऐकू नये. शिस्त पाहणारा आणि मन ऐकणारा वेगळा असावा, असा त्याचा आशय मी समजतो. वृद्धाश्रमांत मात्र हजेरी घेणाऱ्या बाईपाशीच मावशीने मन मोकळे करावे अशी अपेक्षा असते. ती कशी करील? नोकरी जाण्याचे भय असतेच.

मुलाला सुचवले, की दर शनिवारी फोन करून आधी मावशींची विचारपूस कर, बाबांची मागाहून. पहिल्यांदा त्या ‘बरं आहे’ एवढेच म्हणाल्या. चौथ्या शनिवारी त्यांनी महिन्यातून दोन रविवार सुटी मागितली. मुलगा गोंधळला, मला बरे वाटले. बदली बाईचा शोध चालू आहे.