चाळीस फुटांवरचे पाणी

पावसाळा सरला की कोल्हापूरच्या आसपास बंधाऱ्यांत बरगे घालण्याचे दिवस येतात. कसबा बावड्यातील आमच्या कुटुंबांना भेटी देऊन परतताना आम्ही पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यापाशी घटकाभर थांबतो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. नदीच्या पात्रात ओळीने खांब, खांबांना उभ्या खाचा. त्या खाचांत एकावर एक बरगे सोडायचे, बरग्यांच्या दोन ओळींमधल्या पोकळीत माती ठासायची आणि पाणी अडवायचे. पुढचा पावसाळा तोंडावर आला की सारे बरगे काढून नदीला वाट मोकळी करून द्यायची. एकदा काठावर उभ्या असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले, “बाबा, यंदा किती बरगे घालणार?” तो आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहून हसला. “पाणी बघायचं आन् घालायचं, फादर. आधी कोण सांगणार?”

हे उत्तर आम्हांस बोचले. का बोचले ते सांगावयाचे तर आमच्या कपाटातील एका फाईलची गोष्ट सांगितली पाहिजे.

पुण्यास सेमिनरीत असताना प्रत्येक गोष्ट आधी कागदावर मांडण्याची सवय आमच्या अंगी बाणली. प्रवचन असो वा सहल, मुद्दे, उपमुद्दे, वेळापत्रक! ही सवय वाईट नव्हे; तिच्यामुळे आमची पुष्कळ फजिती टळली आहे. या धर्मग्रामात आल्यावर आमच्या ध्यानात आले की, बावड्याकडील आमची काही कुटुंबे एका खोलीत राहतात. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत दूरदर्शन संच, त्याच खोलीत आजीचा खोकला. मुलांनी अभ्यास करावा कोठे? आम्ही ठरविले की अभ्यासिका बांधावयाची. फाईल उघडली. नकाशा झाला. खर्चाचा अंदाज झाला. पुस्तकांची यादी झाली. मुलींची बसण्याची व्यवस्था वेगळी असावी की एकत्र, यावर मंडळाच्या तीन सभा झाल्या. लोखंड महागले, अंदाज पुन्हा झाला. मंडळातील एका निवृत्त हिशेबनिसांनी लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्या माणसाची आठवण दिली. आधी बसून खर्चाचा हिशेब न करणाऱ्याचा बुरूज अर्धवट राहतो आणि येणारेजाणारे त्याला हसतात. आम्ही मान डोलावली. शास्त्रवचनच ते, त्यापुढे कोण बोलणार?

आठवीतली एक मुलगी तेव्हा दर रविवारी मिस्सा संपल्यावर विचारी, “फादर, अभ्यासिका कधी?” आम्ही सांगत असू, “होणार, होणार.” ती नववीत गेली, दहावीत गेली. दहावीला ती गणितात गेली आणि कापडाच्या दुकानात कामाला लागली. अभ्यासिका असती तर ती उत्तीर्णच झाली असती असे आम्ही म्हणत नाही, परंतु आम्ही तिच्या घरी गेलो तेव्हा तिच्या आईने चहाचा कप पुढे ठेवीत शांतपणे म्हटले, “तुमच्या हॉलसाठी परीक्षा थांबतीया व्हय, फादर?” त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या रात्री आम्ही फाईल काढून पाहिली. ती खरोखर सुरेख होती.

बावड्यातच लक्ष्मी विलास पॅलेस आहे. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी तेथे झाला. पुढे पाहुण्यांना ती वास्तू दाखवावयास नेले असता आम्हांस राधानगरीच्या धरणाचे स्मरण झाले. आपल्याकडे त्या धरणाविषयी अभिमानाने बोलतात, पण ते किती वर्षे अपुरे होते हे सहसा कोणी सांगत नाही. महाराजांनी १९०२ साली पाटबंधाऱ्यांचे धोरण जाहीर केले. त्याच दशकात फेजिवडे गावाजवळ भोगावती नदीवर दगडी धरणाचे काम सुरू झाले. संस्थान लहान, काम अवाढव्य. मग पहिले महायुद्ध आले, पैशाची टंचाई आली, आणि १९१८ च्या सुमारास भिंत चाळीस फुटांवर आली असता काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईस निधन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तेचाळीस होते. धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात.

म्हणजे बुरूज अर्धवट राहिला की हो! हसणाऱ्यांना जागा होती. परंतु चाळीस फुटांची भिंतही चाळीस फुटांपुरते पाणी अडवतेच. आज आठ टीएमसीहून अधिक पाणी साठविणारे ते धरण पावसाळ्यात भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्याच दाबाने उघडतात आणि राजाराम बंधाऱ्यावरची पातळी काय झाली म्हणून सारे कोल्हापूर कान टवकारते. उन्हाळ्यात तेच पाणी नदीत सोडतात, बंधारे ते टप्प्याटप्प्याने अडवतात आणि शेतकरी पंपाने ते उसाच्या शेतात चढवितात. पाया खोदला तेव्हा भोगावतीच्या काठी विजेचे पंप कोठे होते? सारे तपशील ठरल्यावाचून कुदळ मारावयाची नाही असे महाराजांनी म्हटले असते तर त्या तपशिलांपैकी निम्मे तरी आजवर ठरले असते काय, याची आम्हांस शंका वाटते.

येथवर आमचा विचार पोहोचला होता, पाऊल मात्र नाही. पाऊल उचलावयास लावले ते पुराने. ऑगस्ट २०१९ मध्ये बंधाऱ्यावरची त्रेचाळीस फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली आणि पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. एका संध्याकाळी नदीकाठच्या वस्तीतील अकरा कुटुंबे गाठोडी घेऊन आमच्या दाराशी उभी राहिली. मंडळाची सभा बोलावण्यास वेळ नव्हता. चर्चमागील जुनी खोली, जिथे मोडके बाक, नाताळच्या गोठ्याचे सामान आणि गायकवृंदाची पेटी असे, ती आम्ही उघडली. हीच खोली अभ्यासिकेस “सर्वथा अयोग्य” असल्याची नोंद आमच्याच अक्षरात फाईलमध्ये आहे. कोणी तांदूळ आणले, कोणी स्टोव्ह. पहिल्या रात्री अंथरुणे पुरली नाहीत, दुसऱ्या रात्री पुरली. औषधांची यादी तिसऱ्या दिवशी झाली, कारण कोणाला काय लागते हे तोवर कळले होते.

पाणी ओसरले, माणसे घरचा चिखल उपसावयास गेली. खोली मात्र झाडून लख्ख झाली होती आणि बाक दुरुस्त झाले होते. पुढच्या सोमवारी आम्ही दोन ट्यूबलाइट लावून घेतल्या आणि मुलांना सांगितले, सात वाजता या.

सगळे सुरळीत झाले असे कृपया समजू नका. पहिल्याच आठवड्यात मुली नऊ वाजता एकट्या घरी निघाल्या आणि एका वडिलांनी येऊन आम्हांस चार शब्द सुनावले. ते बरोबरच होते. किल्ली कोणाकडे, मुलींना घरी कोण पोहोचविणार, शौचालयाची सोय काय, या गोष्टी दार उघडण्यापूर्वी ठरावयास हव्या होत्या. त्या पाहत पाहत ठरविण्याच्या नव्हेत. पुस्तकांची यादी, वरचा मजला, उद्घाटनास कोणास बोलवावे, हे थांबू शकत होते. आमच्या फाईलमध्ये उद्घाटनाला दोन पाने होती, किल्लीला एक ओळही नव्हती. गायकवृंदाचा सराव आणि बीजगणित एका भिंतीआड नांदू शकत नाहीत, हे तर कोणत्याही नकाशावरून आम्हांस कळले नसते.

बुरुजाच्या दृष्टान्ताकडे आम्ही पुन्हा वळलो. हिशेब कर, असे प्रभू म्हणतो, यात संशय नाही. परंतु तो उतारा जेथे संपतो तेथे सर्वस्वाचा त्याग करण्याची गोष्ट आहे. प्रभू विचारतो तो प्रश्न विटांचा नसून शेवटपर्यंत टिकशील काय, असा आहे. आम्ही मात्र हिशेबाच्या आड बसून त्या प्रश्नाचे उत्तर टाळीत होतो. हिशेबनीस महाशयांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “फादर, हे तुमच्या सोयीचे भाष्य आहे.” असेलही. आता ते स्वतः मंगळवारी येऊन मुलांना गणित शिकवितात.

त्या मुलीचा धाकटा भाऊ खोलीच्या दाराजवळच्या बाकावर बसतो. तेथे वारा येतो म्हणून. ती दुकानातून सुटल्यावर त्याला न्यावयास येते, उंबऱ्याशी उभी राहते, आत येत नाही. आम्ही तिला दोनदा आत बोलावले. परवा तिने बाहेरूनच विचारले, “फादर, पंखा कधी बसणार?” उन्हाळ्यापूर्वी, असे आम्ही सांगून टाकले आहे. पैसे निम्मे जमले आहेत. छताचा की भिंतीवरचा, ते अद्याप ठरलेले नाही.