माळवदाचा कूल फंडा

मे महिन्यात गावी जायचं ठरलं की आपला पहिला प्रश्न, 'तिकडे एसी आहे ना?' हिंगोलीचा उन्हाळा बघता प्रश्न रास्तच आहे. पारा चाळिशी ओलांडून कधीच पुढे गेलेला असतो. पण एसीची ऑर्डर देण्याआधी औंढ्याला एक चक्कर मारून या. औंढा नागनाथच्या हेमाडपंती देवळात शिरलं की दगडी मंडपात जिवाला बरं वाटतं. गाभारा मात्र जमिनीच्या पोटात. चिंचोळ्या वाटेनं वाकून खाली उतरायचं. गर्दी असली तर तिथे घाम फुटतो, कारण वारा खेळायला जागाच नाही. म्हणजे नुसत्या जाड भिंती पुरत नाहीत, हवाही हवी!

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना हे बरोब्बर कळलं होतं. सेनगाव, कळमनुरी किंवा हळदीच्या बाजारासाठी नावाजलेलं वसमत, कुठल्याही जुन्या गल्लीत डोकावून पाहा. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, मध्ये चौक, कडेनं ओसरी आणि डोक्यावर सपाट माळवद. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन या मातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाते. विजेचं बिल? शून्य!

मग लोक अशी घरं पाडून स्लॅब का टाकतात? फक्त हौस म्हणून नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली बरीचशी अशाच भिंतींच्या आणि मातीच्या छतांच्या ढिगाऱ्याखाली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण भीती सगळ्या मराठवाड्यात पसरली. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली जिल्ह्यातच ४.५ रिश्टरचे धक्के बसले, तेव्हा ती परत जागी झाली. जी माती घर गार ठेवते, तीच डोक्यावरचं ओझंही असते. म्हणून रिनोव्हेशनचा प्लॅन करताना क्रम चुकवायचा नाही.

आधी इंजिनीअर, मग इंटिरिअर : जुन्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनीअर गाठा. खांब-तुळया किडल्यात का, कोपरे सुटलेत का, हे तो पाहील. दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात. त्यांना एकत्र धरणारे आरपार दगड आणि खांब-तुळयांच्या जोडांना तिरके आधार, यावर पहिला पैसा खर्च करा.

डोक्यावरचं ओझं उतरवा : गळती थांबवायला वर्षानुवर्षं मातीवर माती चढत गेलेली असते. जास्तीची काढायची, किती ते इंजिनीअरला ठरवू द्या. माती कमी झाली की गारवा थोडा घटतो. तो भरून काढायला वरून पांढरा, ऊन परतवणारा थर द्या.

भिंतींना श्वास घेऊ द्या : मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिसतो झकास, पण ओल आतच अडकते आणि भिंत पोखरते. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा बरा. आणि प्लीज, चौकावर पत्रा ठोकू नका! पाखरांचा त्रास असेल तर जाळी लावा.

मग विजेचा हिशेब : जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. आई-बाबा दिवसभर घरात असतात, पंखे चोवीस तास फिरतात, म्हणजे बचत खरीखुरी. सोलर सगळ्यात शेवटी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरलं. पण पॅनेल माळवदावर चढवू नका. ओझं उतरवून पुन्हा तिथेच ओझं कशाला? परसात लोखंडी सांगाड्यावर उभे करा, खाली सावलीही मिळेल.

एवढं करूनही एखादी खोली तापत असेल तर तिथे एसी लावा, पण त्या एकाच खोलीत. गार घराला छोटा एसीही पुरतो.

आणि हे सगळं एका वीकेंडला उरकणारं काम नाही. मेमध्ये जाल तेव्हा दुपारी तीन वाजता प्रत्येक खोलीत दहा मिनिटं बसा आणि कुठली जास्त तापते ते लिहून ठेवा. पावसाळ्यात गळतीच्या जागांवर खुणा करा. मिस्त्री दिवाळीनंतर. जुनं घर बांधायला कुणी घाई केली नव्हती, आपणही दुरुस्तीला एक वर्ष देऊ. आजी मात्र या वर्षीही चौकात बाज टाकून झोपेल, ती काही तुमच्या प्लॅनची वाट बघत नाही!