आजीचा मोतीबिंदू आणि नातवाचे लेसर

डोळ्यांवरील कोणत्याही उपचाराला सरसकट ‘लेसर’ म्हणण्याची आता रीतच पडली आहे. चष्मा घालवला, लेसर. मोतीबिंदू काढला, लेसर. मधुमेहात दृष्टिपटलावर उपचार झाले, तेही लेसर. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आम्ही ज्यांना आत्याबाई म्हणतो त्यांच्या, डोळ्यांच्या निमित्ताने या एका शब्दाची उकल करण्याची वेळ माझ्यावर आली.

आत्याबाईंचे वय ७६. हिवरे बाजारची दुष्काळी वर्षे त्यांनी पाहिली, पोटासाठी गाव सोडणारी माणसे पाहिली आणि पुढे परतलेलीही. त्याच आत्याबाईंना दोन वर्षांपूर्वी बांधावरचे ओळखीचे माणूस ओळखू येईना. रात्री दिव्याभोवती वलये दिसू लागली. त्या सुमारास पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा लॅसिक करून चष्म्यातून मोकळा झाला होता. तो म्हणाला, “आजी, तुझेही तसेच करून टाकू. थोड्या मिनिटांचे काम.” टाके नाहीत, मुक्काम नाही, हे ऐकून आत्याबाई हरखल्या.

नेत्रतज्ज्ञांनी मात्र तपासणीनंतर शांतपणे समजावले की नातवाचा आणि आजीचा दोष डोळ्याच्या एका जागी नाही. लॅसिकमध्ये बुबुळापुढच्या पारदर्शक कॉर्नियाची पातळ झडप उचलून खालच्या थराला लेसरने नवा आकार देतात. पीआरकेमध्ये झडप करत नाहीत, वरचा नाजूक थर बाजूला सारतात. स्माइलमध्ये बारीक छेदातून आतली पातळ चकती काढून घेतात. तिन्हींत काम कॉर्नियावरच. त्यासाठी वय १८ च्या पुढे, चष्म्याचा नंबर स्थिर, कॉर्निया पुरेसा जाड आणि डोळा फार कोरडा नसलेला हवा. आत्याबाईंचे तर आतले नैसर्गिक भिंगच गढूळ झाले होते. आतला पडदा मळलेला असताना खिडकीची काच कितीही घासली तरी उजेड कसा यावा?

मोतीबिंदूची आजची प्रचलित फेको शस्त्रक्रिया ही मुळात लेसरची नव्हेच. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंगाचे तुकडे करून ते ओढून घेतात आणि घडी घातलेले कृत्रिम भिंग आत बसवतात. असे भिंग डोळ्यात बसवण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केला. युद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या काचेचे प्लास्टिक डोळा निमूटपणे सोसतो, हे त्यांच्या ध्यानी आले होते. फेम्टोसेकंद लेसरने छेद आणि पुढचे काही टप्पे करण्याची सोय आज आहे. पण तिचा खर्च बराच अधिक, आणि साध्या मोतीबिंदूत अंतिम दृष्टीच्या दृष्टीने फेकोपेक्षा मोठा लाभ दिसत नाही. केवळ नावासाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

आमच्या गावात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मगच कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. म्हणून भिंग ठरवण्याआधी डोळ्याची लांबी व कॉर्नियाची वक्रता मोजण्याची पद्धत आत्याबाईंना चटकन पटली. “मोजल्याशिवाय पेरायचं नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. लॅसिक झालेल्या डोळ्यात हे गणित चुकण्याचा संभव असतो, म्हणून तरुणपणी लॅसिक करणाऱ्यांनी आधीच्या मोजमापांचे कागद जपावेत. मुलाची फाईल मी कपाटात ठेवून दिली आहे.

प्रश्न उरला कोणत्या अंतरासाठी भिंग घ्यायचे याचा. बहुकेंद्री भिंगाने चष्मा बहुधा सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. आत्याबाईंना शेत, जनावरे, येणारी-जाणारी माणसे स्वच्छ दिसायला हवी होती. हरिपाठ वाचायला चष्मा लावण्यास त्यांची हरकत नव्हती. एककेंद्री, दूरचे भिंग बसवले. मधुमेह असल्याने दृष्टिपटलाची आणि काचबिंदूसाठी डोळ्याच्या दाबाची तपासणी आधीच झाली होती.

दीड वर्ष सुखाचे गेले. मग पुन्हा धुके. “मोतीबिंदू परत आला, पैसे वाया गेले,” म्हणून त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. काढलेला मोतीबिंदू परत येत नसतो. नव्या भिंगामागची मूळ पिशवी मात्र कधी कधी गढूळ होते. आत्याबाईंना लेसर लाभले ते इथे! यॅग लेसरने त्या पिशवीच्या मध्यभागी छोटी वाट मोकळी करून दिली. इंजेक्शन नाही, छेद नाही. काही मिनिटांत त्या खुर्चीवरून उठल्या. पुढचे काही दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत होते, ते कमी झाले. अचानक ठिपक्यांचा पूर आला, विजेसारखे लखलखाट दिसले किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी या, असे डॉक्टरांनी बजावले होते. दृष्टिपटल सुटण्याची ती लक्षणे असतात. तसे काही झाले नाही. पुढच्या भेटीत डोळ्याचा दाब तपासून घेतला, तोही ठीक निघाला.